५४ कामं, १० थांबे, ४ फेऱ्या

वर्षाला १,००० तास चालणारा ट्रॅक्टर, ९,००० किलोमीटर धावणारी मोटारसायकल आणि ३०,००० किलोमीटर कापणारी पिकअप ही तीन वाहनं एका घरात असली, तर वर्षभरात त्यांच्या ठरलेल्या देखभालीची ५४ कामं निघतात. ती नीट जुळवली, तर वाहन उभं करावं लागतं १० वेळा आणि ऑइल, फिल्टर, सुटे भाग आणायला बाजारपेठेत जावं लागतं ४ वेळा. कामं तेवढीच राहतात. कमी होतात त्या कामांभोवतीच्या खेपा, तयारी आणि आवराआवर.

हा हिशेब निमगाव सावा आणि आसपासच्या गावांसाठी मांडला आहे. जुन्नर तालुक्याचा हा पूर्व भाग. कुकडीच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो, चारा आणि दूध असं सगळंच चालतं. ट्रॅक्टर पेरणीपासून उसाच्या वाहतुकीपर्यंत राबतो, पिकअप टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावला जाते आणि मोटारसायकलला तर दिवसभर उसंत नसते. शेतातलं काम थांबलेलं चालत नाही, म्हणून वाहनाचं काम पुढे ढकललं जातं आणि ते नेमकं हंगामाच्या तोंडावर डोकं वर काढतं. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने याच पट्ट्यातले. गाळप सुरू झाल्यावर ऊस वाहणारा ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला, तर त्याचा परिणाम टोळीच्या तोडणीवरही होतो.

५४ हा आकडा आला कुठून

कृषी अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचं आयुष्य साधारण १० वर्षं आणि १०,००० तास धरतात, म्हणजे वर्षाला १,००० तास. मोटारसायकल रोज २५ किलोमीटर चालली तर वर्षाचे ९,००० च्या वर होतात. पिकअप ३०० दिवस रोज १०० किलोमीटर फिरली तर ३०,०००. आपलं वाहन यापेक्षा कमी-जास्त चालत असेल, तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यावेत. कामांमधलं अंतरही कंपनीप्रमाणे वेगळं असतं. वाहनासोबतच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल तेच खरं मानायचं. खाली सर्वसाधारण अंतरं धरली आहेत.

| वाहन | काम | वर्षात किती वेळा |
|---|---|---|
| ट्रॅक्टर | इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर | ४ |
| | बॅटरीचं पाणी व टर्मिनल | ४ |
| | फॅनबेल्टचा ताण | ४ |
| | क्लच-ब्रेक पॅडलचा मोकळा खेळ | ४ |
| | डिझेल फिल्टर | २ |
| | पुढच्या हबचे बेअरिंग व ग्रीस | १ |
| | गिअर व हायड्रोलिक ऑइल | १ |
| | रेडिएटर धुणं, कुलंट | १ |
| मोटारसायकल | ऑइल, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक, केबल | ५ कामं × ३ |
| पिकअप | ऑइल-फिल्टर, एअर फिल्टर, टायर अदलाबदल, अलाइनमेंट, ब्रेक तपासणी, ग्रीस | ६ कामं × ३ |

ट्रॅक्टरची २१, मोटारसायकलची १५, पिकअपची १८. बेरीज ५४. यात रोजची कामं धरलेली नाहीत. पाणी, ऑइलची पातळी, हवा, चेन, निपलमधलं ग्रीस ही कामं रोजच्या रोज किंवा आठवड्याला करायचीच असतात. त्यांच्यासाठी थांब्याची वाट पाहायची नसते.

ट्रॅक्टरच्या वेळापत्रकाची गंमत अशी, की त्याचे आकडे एकमेकांत बसतील असेच ठरवलेले असतात: १०, ५०, २५०, ५०० आणि १,००० तास. पाच दहांचे पन्नास, पाच पन्नासांचे अडीचशे, मग दुप्पट आणि पुन्हा दुप्पट. म्हणजे ५०० तासांचं काम आलं की २५० चं आपोआप आलेलंच असतं. कंपनीने जुळवाजुळव आधीच करून दिली आहे. ती आपण मोडतो, कारण एक काम आठवण झाली म्हणून करतो, दुसरं मिस्त्री भेटला म्हणून करतो आणि तिसरं बिघडल्यावर करतो.

वेळ खाते ती तयारी

ऑइल बदलायला किती वेळ लागतो, असं विचारलं तर कुणीही पाऊण तास सांगेल. पण अवजार सोडून ट्रॅक्टर सपाट जागी आणणं, पाने-पक्कड शोधणं, खाली भांडं ठेवणं, काम झाल्यावर चिंध्या-डबे उचलणं आणि हाताचं ऑइल घालवणं हा वेळ कुणी मोजत नाही. तो अर्धा तास धरू. काम ४५ मिनिटांचं असो की १० मिनिटांचं, हा अर्धा तास ठरलेलाच असतो.

५४ कामं ५४ वेळा सुटी केली, तर नुसत्या तयारीचे २७ तास होतात. १० थांब्यांत (ट्रॅक्टरचे ४, मोटारसायकल आणि पिकअपचे ३-३) केली तर ५ तास. अर्थात कुणीच सगळी कामं अगदी सुटी करत नाही. थोडीफार जुळवाजुळव प्रत्येक घरात होतेच. म्हणून आजचे थांबे निम्मे, म्हणजे २७ धरू. २७ चे १० झाले तर वाचले १७ थांबे, म्हणजे साडेआठ तास.

आता फेऱ्या. ऑइल गावात मिळेल, पण नेमका फिल्टर, नेमकं बेअरिंग, नेमका ऑइल सील हवा असेल तर नारायणगाव किंवा आळेफाटा गाठावा लागतो. जाणं-येणं आणि दुकानातला खोळंबा मिळून एका फेरीला २ तास धरू. महिन्याला एक फेरी म्हटली तर वर्षाचे २४ तास. हीच फेरी तीन महिन्यांतून एकदा, यादी घेऊन मारली तर ८ तास. इथे वाचले १६ तास.

साडेआठ आणि सोळा मिळून साडेचोवीस तास. ८ तासांचा दिवस धरला तर वर्षाला पुरते ३ दिवस. यात मिस्त्रीची मजुरी आणि पेट्रोल धरलेलं नाही. कांदा लागवडीच्या किंवा टोमॅटो तोडणीच्या दिवसांत हे ३ दिवस हाताशी असणं किती मोलाचं, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

२५० तासांचा एक थांबा, जवळून

जुळवाजुळव प्रत्यक्षात कशी होते, ते ट्रॅक्टरच्या एका थांब्यावरून पाहू. यात ७ कामं धरली आहेत. डिझेल फिल्टर एकाआड एक थांब्यालाच येतो; एअर क्लीनर आणि ग्रीस ही वरच्या ५४ बाहेरची कामं, पण ट्रॅक्टर उभाच आहे तर त्याच बैठकीत होतात.

| काम | मिनिटं |
|---|---|
| इंजिन ऑइल व फिल्टर (त्यातली २० मिनिटं ऑइल निथळण्याची) | ४५ |
| ऑइल बाथ एअर क्लीनर धुणं | २० |
| बॅटरी | १० |
| फॅनबेल्ट | १० |
| क्लच-ब्रेकचा खेळ | १५ |
| डिझेल फिल्टर बदलणं व एअर काढणं | ३० |
| सगळी निपलं ग्रीस करणं | २० |

बेरीज १५० मिनिटं. ही सात कामं सात वेगळ्या दिवशी केली, तर तयारीची २१० मिनिटं वाढून एकूण ३६० होतात, म्हणजे ६ तास. एका बैठकीत केली तर तयारी ३० मिनिटं. शिवाय ऑइल निथळतं त्या २० मिनिटांत बॅटरी आणि बेल्ट उरकतात. मग एकूण १६० मिनिटं, म्हणजे २ तास ४० मिनिटं. काम तेच, वेळ निम्म्याहून कमी.

पण यात क्रम चुकला की सगळं फिसकटतं. ट्रॅक्टर आदल्या दिवशी धुवून घ्यायचा. धुतल्यावर कुठून गळतं ते दिसतं आणि फिल्टर उघडताना माती आत पडत नाही. सकाळी इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून गरम करायचं, कारण गरम ऑइल पातळ होऊन गाळासकट उतरतं. अवजार हायड्रोलिकवर लटकतं ठेवायचं नाही, जमिनीला टेकवायचं. चाकांना दगड लावायचे, ब्रेक ओढायचा, मग ड्रेन बोल्ट सोडायचा.

ऑइल निथळत असताना बॅटरीकडे वळायचं. पाणी प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर असावं आणि घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर. टर्मिनल काढायचं असेल तर आधी निगेटिव्ह. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहायचा. १० ते १५ मिलिमीटर दबला तर ठीक. जास्त दबला तर अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून ताणायचा.

त्यानंतर ऑइल फिल्टर आणि नवं ऑइल. ४० ते ५० हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला साधारण ६ ते ८ लिटर लागतं. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यायचा आणि डीपस्टिकवर पडताळायचा. मग स्वच्छ हातांनी डिझेल फिल्टर. त्यातली एअर हातपंपाने काढायची, बुडबुडे थांबेपर्यंत. एअर क्लीनरचं घाण काम त्यानंतर, आणि ग्रीसगन सर्वांत शेवटी, कारण ग्रीसचे हात कशालाच लावता येत नाहीत. शेवटी इंजिन सुरू करायचं. एकाच स्टार्टमध्ये दोन गोष्टी कळतात: ऑइल फिल्टर गळतो का आणि डिझेलच्या लाइनमध्ये एअर उरली आहे का. पाच मिनिटं चालवून बंद करायचं, ऑइल खाली बसू द्यायचं आणि पातळी पुन्हा बघायची.

१,००० तासांच्या थांब्यात रेडिएटरचं कामही येतं. ते सगळ्यांत शेवटी ठेवायचं. ऑइलसाठी इंजिन गरम केलेलं असतं आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. बाकीची कामं होईपर्यंत इंजिन निवतं.

जपानमधल्या कारखान्यांत हाच विचार शिगेओ शिंगो या अभियंत्याने शास्त्रासारखा मांडला. १९६९ मध्ये टोयोटाच्या कारखान्यात १,००० टनी प्रेसचा साचा बदलायला ४ तास लागत. ते आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आले. शिंगोंनी कामं दोन गटांत वाटली: यंत्र बंद असतानाच करता येणारी आणि यंत्र चालू असतानाही करून ठेवता येणारी. आपल्याकडे ऑइल, फिल्टर, वॉशर, चिंध्या, डबा आणि नेमक्या मापाचे पाने आदल्या संध्याकाळी एका जागी काढून ठेवणं ही दुसऱ्या गटातली कामं. ड्रेन बोल्ट सोडल्यावर वॉशर नाही म्हणून नारायणगावला पळणं, हे त्याच्या नेमकं उलट.

एक उघडलं की सोबत काय

वेळ वाचवण्याचा याहून मोठा मार्ग मोठ्या दुरुस्तीत आहे. एखादा भाग गाठायला जितकी खोलाखोल, तितकी त्या वाटेवरची इतर कामं सोबत उरकण्यात फायदा.

ट्रॅक्टर फोडला, म्हणजे क्लचसाठी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे केले, तर क्लच प्लेट बदलताना प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचा मागचा ऑइल सील तिथेच समोर असतात. हे भाग नंतर बदलायचे म्हटले तर ट्रॅक्टर पुन्हा फोडावा लागतो.

मोटारसायकलचं मागचं चाक काढलं की टायर, ट्यूब, ब्रेक लायनर, चाकाचं बेअरिंग, हबचं रबर आणि चेन-स्प्रॉकेट अशी सहा ठिकाणं हाताशी येतात. पुढचं चाक आणि फोर्क काढला की फोर्क ऑइल, ऑइल सील आणि कोनसेट.

पिकअपची चाकं १०,००० किलोमीटरला अदलाबदल करताना चारही चाकं निघतातच. ब्रेक पॅड, लायनर, ब्रेकचे पाइप आणि सस्पेन्शनचे रबर त्याच वेळी पाहायचे आणि अलाइनमेंट शेवटी. आधी अलाइनमेंट करून मग सस्पेन्शनचे रबर बदलले, तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात जातात. ट्रॉलीचा हब ग्रीससाठी उघडला की बेअरिंग आणि सील पाहून घ्यायचं आणि त्याच दिवशी मागे रेडियम लावून टाकायचं.

पण सगळंच बदलायचं का?

इथे मिस्त्री म्हणतो, "उघडलंच आहे तर हेही बदलून टाकू." मालक म्हणतो, "अजून चालतंय की." दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरवायला एक साधं गणित पुरतं.

भागाची किंमत घ्यायची. त्याचं किती आयुष्य शिल्लक आहे ते प्रमाण घ्यायचं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे आत्ता बदलल्याने वाया जाणारा पैसा. तो पुन्हा उघडण्याच्या मजुरीपेक्षा कमी असेल तर बदलायचा, जास्त असेल तर राहू द्यायचा.

खालचे भाव उदाहरणापुरते धरले आहेत. आपल्या गॅरेजातले भाव घालून हेच करून पाहावं.

रिलीज बेअरिंग ८०० रुपयांचं, निम्मं आयुष्य शिल्लक. वाया जातील ४०० रुपये. ट्रॅक्टर पुन्हा फोडण्याची मजुरी ४,००० रुपये. बदलायचं, विचारही करायचा नाही.

प्रेशर प्लेट ५,००० रुपयांची, ४० टक्के शिल्लक. वाया जातील २,०००. मजुरी तीच ४,०००. इथेही बदलायची. शिवाय ट्रॅक्टर उभा राहण्याचे दोन दिवस वाचतात.

मोटारसायकलचं चेनकिट १,२०० रुपयांचं, पाव आयुष्य शिल्लक. वाया जातील ३००. चाक काढण्याची मजुरी १५०. नाही बदलायचं.

ट्रॅक्टरचं मागचं टायर २०,००० रुपयांचं, ४० टक्के शिल्लक. वाया जातील ८,०००. चाक काढण्याची मजुरी ५००. उघडलंय म्हणून टायर बदलणं हा शुद्ध तोटा.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. चेनकिटमधली चेन, पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं स्प्रॉकेट ही तिन्ही एकदमच बदलायची. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली, तर ती लवकर संपते. तिथे जुळवाजुळव मजुरीसाठी नसते, भागाच्या आयुष्यासाठी असते.

जुळवण्याची मर्यादा: ९ चे ६, पण ६ चे ४ नाही

समजा मोटारसायकलचं मागचं टायर ३०,००० किलोमीटर टिकतं, चेनकिट २०,००० आणि ब्रेक लायनर १५,०००. ६०,००० किलोमीटरांत टायर २ वेळा, चेनकिट ३ वेळा आणि लायनर ४ वेळा बदलेल. एकूण ९ कामं. पण ती पडतात १५, २०, ३०, ४०, ४५ आणि ६० हजारांवर, म्हणजे ६ वेळा. ३० हजारांवर टायर आणि लायनर एकत्र येतात, ६० हजारांवर तिन्ही. म्हणजे मागचं चाक ९ ऐवजी ६ वेळा निघतं आणि त्यासाठी एकही भाग वेळेआधी फेकावा लागत नाही.

आता कुणी म्हणेल, चेनकिटही १५ हजारांनाच बदलू, म्हणजे ४ थांब्यांत काम होईल. तसं केलं तर दर वेळी पाव चेनकिट वाया जातं. ६०,००० किलोमीटरांत ३ ऐवजी ४ किट लागतील. १,२०० रुपये जास्त जाणार आणि वाचणार दोन वेळच्या मजुरीचे ३००. हा सौदा परवडत नाही.

पुढचं अलीकडे ओढा, मागचं पुढे ढकलू नका

जुळवाजुळवीत सगळ्यांत महागात पडणारी गोष्ट म्हणजे सगळं एकदमच करू म्हणत आजचं काम तीन आठवड्यांनी करणं. २५० तासांचं ऑइल ३२० तासांवर बदललं, तर जुळवाजुळव झाली नाही, हयगय झाली. एकत्र करायचं तर पुढचं काम थोडं अलीकडे ओढायचं.

ऑइल १० टक्के आधी, म्हणजे २२५ तासांवर बदललं तर किती खर्च वाढतो? ७ लिटर ऑइल, लिटरला ३५० रुपये धरले तर एका वेळचे २,४५० रुपये. २५० तासांच्या हिशेबाने वर्षाचे ९,८००. २२५ च्या हिशेबाने सुमारे १०,९००. म्हणजे वर्षाला १,१०० रुपये जास्त. आणि तेही दर वेळी आधीच बदललं तर. हंगाम सुरू व्हायच्या आत काम उरकण्यासाठी एखाद-दुसऱ्या वेळी हे करणं सहज परवडतं.

हंगामात वाहन बंद पडलं तर काय जातं, याचा अंदाज नारायणगावच्या टोमॅटो बाजारावरून येतो. जुलै २०२३ मध्ये तिथे २० किलोच्या क्रेटने २,००० रुपयांचा भाव ओलांडला होता. पिकअपमध्ये ७५ क्रेट म्हणजे दीड टन माल आणि दीड लाख रुपये. फॅनबेल्ट तुटून पिकअप वाटेत थांबली आणि माल दुसऱ्या दिवसाच्या भावात गेला, तर क्रेटमागे १०० रुपयांचा फरकही ७,५०० रुपयांचा. बेल्ट त्या मानाने काहीच नाही.

जुन्नर-आंबेगावात याला आणखी एक बाजू आहे. बिबट्याच्या वावरामुळे उसाच्या कडेला दिवस मावळल्यावर ट्रॅक्टरखाली झोपून दुरुस्ती करणं शहाणपणाचं नाही. मोठं काम दिवसा, घरासमोर, वेळ राखून केलं की ती वेळ येत नाही.

काही कामं मात्र एकत्र करू नयेत. हवा, पाणी, ऑइलची पातळी आणि ब्रेक रोज बघायचे. टायरची नक्षी झिजली की सर्व्हिसची वाट पाहायची नाही. मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांना १.६ मिलिमीटर नक्षी लागते. नव्या वाहनाच्या वॉरंटीतल्या सर्व्हिसा कंपनीने सांगितलेल्या तासांना किंवा महिन्यांनाच करायच्या. चाक काढून बसवलं असेल तर थोडं चालवून नट पुन्हा आवळायचे. आणि एका दिवसात डिझेल, इलेक्ट्रिक आणि क्लच या तिन्हींच्या दुरुस्तीत हात घातला, तर प्रत्येक काम झालं की इंजिन चालू करून बघायचं. पाच कामांनंतर गाडी स्टार्ट झाली नाही, तर दोष कुठल्या कामात आहे ते शोधण्यात वाचवलेला सगळा वेळ जातो.

चार थांबे कुठे बसवायचे

ट्रॅक्टरचे ४ थांबे पंचांगावर बसवले तर ते चुकत नाहीत. पहिला मेच्या अखेरीस, पावसाआधी. यात ब्रेक, टायर आणि लाइट. दुसरा घटस्थापना ते खंडेनवमी. त्या दिवशी अवजारं आणि वाहनं धुवून पूजेला लागतातच, तेव्हा धुण्याच्या आदल्या-पुढल्या दिवशी ५०० तासांचं काम उरकलं की गाळप हंगामाला ट्रॅक्टर तयार. तिसरा संक्रांतीच्या आसपास, कांदा लागवड आटोपल्यावर. चौथा पाडवा ते अक्षय्य तृतीया, उसाची वाहतूक संपत आल्यावर. १,००० तासांचं मोठं काम याच थांब्यात ठेवायचं, कारण तेव्हा सवड असते.

तासांचा मीटर आणि पंचांग जुळले नाहीत तर मीटरचं ऐकायचं. कमी चालणाऱ्या ट्रॅक्टरलाही पुस्तिकेत महिन्यांची मुदत दिलेली असते. तास किंवा महिने, जे आधी भरेल ते. मोटारसायकल आणि पिकअपचे ३-३ थांबे याच दिवसांच्या आगेमागे येतात. त्यांचे फिल्टर आणि ऑइल त्याच चार फेऱ्यांत आणून ठेवता येतं. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराला जाणारच असाल, तर यादी खिशात असू द्यावी.

कागदपत्रांचंही तेच. मालवाहू वाहनाचं फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. बीएस-४ आणि बीएस-६ वाहनांची पीयूसी १२ महिने चालते, त्याआधीच्या वाहनांची ६ महिने. विमा वर्षाचा. एमएच-१४ चं आरटीओ कार्यालय मोशीला, म्हणजे चाकण ओलांडून दिवस जाणारच. पिकअपचा ब्रेक, लाइट, इंडिकेटर, रेडियम आणि पीयूसी आदल्या आठवड्याच्या सर्व्हिसमध्येच करून घेतले, तर त्या दिवशी माघारी यावं लागत नाही.

भावकीचं गणित

एका वस्तीवरच्या ५ ट्रॅक्टरांचे वर्षाचे २० थांबे होतात. मिस्त्रीला २० वेळा बोलावण्याऐवजी ४ वेळा बोलावलं आणि त्याने एका फेरीत पाचही ट्रॅक्टर पाहिले, तर त्याच्या येण्याजाण्याचा भार पाच घरांत वाटला जातो. ऑइल सुटं घेण्याऐवजी २० लिटरच्या बादलीत घेता येतं. ग्रीसगन, टॉर्क पाना, मोठा जॅक यांसारखी महागडी हत्यारं पाचांत एक पुरतात.

वापरलेल्या ऑइलचाही प्रश्न यातच सुटतो. ५ ट्रॅक्टर, ४ वेळा, दर वेळी ७ लिटर म्हणजे वर्षाला १४० लिटर काळं ऑइल. ते बांधावर किंवा ओढ्यात ओतलं तर झिरपून विहिरीत उतरतं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. एकाच दिवशी जमा झालं तर कॅनमध्ये भरून नोंदणीकृत ऑइल गोळा करणाऱ्याला देणं सोपं जातं. लिटर-दीड लिटर साठवून ठेवायला कुणाला जमत नाही.

कागद आणि पेन

यासाठी अॅप लागत नाही. वहीचं एक पान पुरतं. त्यावर तीन रकाने: काम, शेवटचं कधी केलं (तास किंवा किलोमीटर), पुढचं कधी. मीटरचा आकडा दर वेळी तारखेसकट लिहायचा. पान ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये राहिलं तर ऑइलने माखतं, म्हणून दाराच्या मागे लावावं. पुढच्या फेरीची सुट्या भागांची यादी त्याच पानाच्या पाठीवर. मिस्त्री आला की पान त्याच्यापुढे धरायचं. "आज हे उघडणार आहे, सोबत काय?" हा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी विचारला तरच उपयोग.

निर्णयाला अडलात तर दोन ओळी लक्षात ठेवा. भाग स्वस्त आणि उघडणं महाग असेल, तर आत्ताच बदला. भाग महाग आणि उघडणं स्वस्त असेल, तर त्याचं आयुष्य संपू द्या. खंडेनवमीला अजून अवकाश असेल तर पान आजच करा. मीटरचा आजचा आकडा त्याच्या पहिल्या ओळीत लिहा.